नक्षीचे तापते पेन आणि सामायिक कामाची शेड

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला किनवट आणि माहूर तालुक्यांत सागवान व वेळू यांचे रान आहे. दक्षिणेस लातूर जिल्ह्यात जंगल केवळ नावापुरते उरले आहे; तेथे गेल्या काही वर्षांत शेतातच बांबू लावण्याचा प्रयत्न झाला असून औसा तालुक्यातील लोदगा येथे बांबूच्या वस्तू तयार होऊ लागल्या आहेत. जेथे लाकूड आणि वेळू आहे, तेथे त्यांवर तापलेल्या लोखंडाने खूण उमटविण्याची रीतही असते. बासरीला भोके पाडावयाची असोत की काठीवर वळसे काढावयाचे असोत, दोन-तीन सळया निखाऱ्यात ठेवावयाच्या, एक वापरावयाची आणि ती निवली की दुसरी उचलावयाची, असा हा जुना शिरस्ता. त्या सळईचे टोक लाल दिसत असे. भट्टीची धग दोन हातांवरून जाणवत असे. लहान मूलदेखील तेथे जाताना थबकत असे. विस्तव आपली जाणीव स्वतःच करून देत होता.

त्या विस्तवाची जागा आता विजेवर तापणाऱ्या पेनाने घेतली आहे. बाजारात त्यास ‘वूड बर्निंग पेन’ म्हणतात. घराच्या नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या चौकटी, किल्ल्या अडकविण्याच्या फळ्या, बांबूचे पेले अशा वस्तूंवर अक्षरे आणि वेलबुट्टी काढण्यासाठी ते वापरले जाते. हाताळण्यास ते सोपे आहे, भांडवल फारसे लागत नाही आणि हात बसलेल्या कारागिराला साध्या फळीचे मोल वाढवून घेता येते. महिला बचत गट, सुतारकामाचे प्रशिक्षणवर्ग, भागीदारीत चालणारी दुकाने अशा ठिकाणी एकाच शेडमध्ये पाच-सात जण हे काम करू शकतात. कोणी नक्षी काढतो, कोणी शेजारीच लाकूड घासतो, तर कोणी पॉलिश लावतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, बुरूडकाम करणारे आणि खेळणी करणारे यांचा समावेश आहे. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य अशी त्या योजनेत तरतूद असल्याने विजेची लहान अवजारे अशा हातांत येण्याचा मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे.

अवजार आले, तरी त्याच्याबरोबर शिस्त आपोआप येत नाही. घरी एकट्याने काम करणाऱ्याला आपले पेन कोठे ठेवले आणि केव्हा बंद केले, हे ठाऊक असते. सामायिक शेडमध्ये एकाने खाली ठेवलेले पेन दुसऱ्याच्या हाताला लागते आणि तिसऱ्याच्या वायरीवर टेकते. अशा शेडमधील पुष्कळसे धोके, पेन कोणाच्याच हातात नसते, त्या वेळचे असतात.

न दिसणारी आच

लोखंड अंधारात लाल दिसू लागते ते सुमारे ५२५ अंश सेल्सिअसच्या पुढे. लाकूड मात्र २५० अंशांच्या आसपासच करपू लागते. म्हणजे नक्षीचे काम उत्तम रीतीने करणारे टोकही दिसावयास काळे आणि थंड असते. ते तापले आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. आणि बोटाने पाहणे म्हणजे भाजून घेणेच होय. यास्तव प्रत्येक जागेवर लाकडाचा एक निरुपयोगी तुकडा ठेवावा आणि टोक त्यावर टेकवून पाहावे. डाग उमटला नाही म्हणून टोक निवले, असेही समजू नये. डाग न पाडणारे टोक कातडी भाजण्याइतके तप्त असू शकते.

ही पेने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात धातूच्या नळीत तापणाऱ्या तारेचे वेटोळे असून त्यापुढे पितळेचे भरीव टोक बसविलेले असते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नचा हा सख्खा भाऊ. ते थेट २३० व्होल्टवर चालते, तापावयास काही मिनिटे घेते आणि निवावयास त्याहून बराच अधिक वेळ घेते. दुसऱ्या प्रकारात वेगळी पेटी असते. तीतील ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब अगदी कमी करतो आणि वाकविलेल्या बारीक तारेचे टोक काही सेकंदांत तापवितो. ते तितक्याच लवकर निवते व आच कमी-अधिक करण्यास खुंटीही असते. अनेकांनी एकत्र बसावयाच्या ठिकाणी शक्य असल्यास दुसरा प्रकार घ्यावा. किंमत अधिक पडते. परंतु हाती धरावयाच्या भागात २३० व्होल्टचा प्रवाह नसणे आणि टोक लवकर निवणे, हे दोन्ही लाभ त्या किमतीच्या मानाने मोठे आहेत.

पेन ठेवण्याचे ठाणे धातूचे असावे आणि ते टेबलाला स्क्रूने घट्ट बसवावे. पेनाबरोबर मिळणारा पत्र्याचा हलका घोडा वायरीला जरासा ओढा बसताच उलटतो. मराठवाड्यात शहाबादी फरशी सहज मिळते. तिचा एक तुकडा प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवला, तर पेन निसटले तरी ते लाकडावर न पडता दगडावर पडते. एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतो.

तापलेले पेन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कधीही देऊ नये. पहिल्याने ते ठाण्यात ठेवावे आणि दुसऱ्याने तेथून उचलावे. पेन हातातून निसटले, तर ते झेलू नये. पडती वस्तू झेलण्याची हाताला जन्मजात सवय असते आणि तीच येथे घात करते. नव्या शिकाऊंना थंड पेन देऊन ते मुद्दाम पाडावयास लावावे आणि हात मागे घेण्याचा सराव करून घ्यावा. या प्रकाराला कोणी हसेल. पण ही सवय सांगून लागत नाही. टोक बदलावयाचे असल्यास वीज बंद करून ते पूर्ण निवू द्यावे. गरम टोक पकडीने ओढून काढू नये. पदर किंवा ओढणी खोचलेली असावी आणि तीवर सुती एप्रन असावा. कृत्रिम धाग्याचे कापड आचेने वितळून कातडीला चिकटते. बोटातील अंगठी कामापूर्वी काढून ठेवणे चांगले.

वायर, अर्थिंग आणि गेलेली वीज

प्रत्येकी ३० वॅटची आठ पेने एकाच वेळी चालविली, तरी भार २४० वॅटच होतो. म्हणजे तीन साध्या छतपंख्यांएवढा. त्यामुळे वायरिंगवर भार पडेल ही भीती फारशी खरी नाही. खरी भीती सैल जोडाची आहे. पिन तुटली म्हणून वायरीची उघडी टोके आगकाडीने सॉकेटमध्ये खोचण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. तेथे ठिणग्या उडतात, सॉकेट वितळते आणि जवळच भुसा पडलेला असतो. साध्या वायरीचे पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. त्याला पेनाचे टोक लागले, तर क्षणात तांबे उघडे पडते. शेजाऱ्याच्या पेनाने आपली वायर जळणे हा सामायिक टेबलाचाच दोष होय. म्हणून वायर टेबलाच्या मागून किंवा वरून आणावी, समोरून आडवी कधीही नको. प्रत्येक जागेला स्वतंत्र बटण आणि त्यावर लाल दिवा असावा. टोक तापल्याचे डोळ्यांना दिसत नाही, ते त्या दिव्याने तरी कळते.

भरीव टोकाच्या पेनातील आतले आवरण जुने होऊन फुटले, तर बाहेरच्या नळीत वीज उतरते. अशा वेळी तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंगच जीव वाचविते. या भागाच्या काळ्या जमिनीची एक खोड ध्यानात ठेवावयास हवी. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातील माती सळईपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत कुचकामी होते. खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि उन्हाळ्याच्या तोंडी वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. याखेरीज मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा स्विच बसवावा. तो अर्थिंगला पर्याय नव्हे, त्याच्या जोडीला आहे.

वीज असतानाच्या धोक्यांपेक्षा वीज जाण्याचा धोका अधिक कपटी आहे. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यातील दुकानदारांनी आणि शेतकऱ्यांनी विजेच्या जाण्यायेण्याचा पुरेसा अनुभव घेतला आहे. वळवाच्या वादळात वीज आजही जाते. दुपारी तीनला वीज गेली की पेन निवते, लाल दिवा विझतो, पंखा थांबतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसवत नाही. थोडा वेळ वाट पाहून मंडळी घरी जातात आणि बटण चालूच राहते. रात्री अकराला वीज येते. कुलूप लावलेल्या शेडमध्ये, भुशाने माखलेल्या टेबलावर ते पेन तापू लागते. ज्या शेडमध्ये कापूस किंवा सोयाबीनची पोती ठेवण्याचीही सोय केलेली असते, तेथे पुढे काय होऊ शकते, हे सांगावयास नको.

यावरील उपाय शेतकऱ्याच्या घरातच आहे. विहिरीवरच्या पंपाला ‘ऑटो’ बसवितात. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, हा त्याचा हेतू. शेडला नेमके याच्या उलट हवे. ऑटो नसलेला पंपाचा साधा स्टार्टर वीज जाताच सुटतो आणि वीज आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय पुन्हा जोडला जात नाही. त्याच तत्त्वावर चालणारा स्विच पेनांच्या सर्किटवर वायरमनकडून बसवून घेता येतो. तो बसेपर्यंत मात्र वीज गेल्याबरोबर प्रत्येकाने आपला प्लग काढून ठेवावा आणि किल्ली ज्याच्याकडे असते त्याने मुख्य स्विच पाडल्याशिवाय कुलूप लावू नये.

धूर कोणाकडे जातो?

नक्षी काढताना मान खाली असते आणि धुराची बारीक रेघ सरळ नाकाशी येते. तो वास अनेकांना सुखद वाटतो. परंतु त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड आणि फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसांत कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केली आणि पुढे फॉर्माल्डिहाइडही त्याच यादीत गेले. रुमाल किंवा उपरणे बांधून यातले थोडेच अडते. चांगला एन-९५ मास्क कण रोखतो, वायू रोखीत नाही.

पंखा हा येथे मित्र असतोच असे नाही. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा टेबलपंखा लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु समोरून वारा आला की पेनाचे टोक निवते, कारागीर आच वाढवितो, धूर अधिक होतो आणि तो सगळा शेजाऱ्याच्या तोंडावर जातो. भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा, समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी आणि नक्षीची टेबले त्या पंख्याला लागून मांडावी. धुराला कोणाचेही डोके न ओलांडता बाहेर पडता आले पाहिजे. घासण्याचे काम करणाऱ्यांची जागा दुसऱ्या टोकाला असावी. टोक लाल होईपर्यंत तापविणे हे कौशल्याचे लक्षण नव्हे. कमी आच आणि सावकाश हात यांनी रेघ स्वच्छ येते व धूरही कमी निघतो.

पॉलिश आणि पेन एका खोलीत एकाच वेळी नकोत, हा नियम मात्र कोणत्याही सबबीवर मोडू नये. स्पिरिट आणि थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. सकाळी नक्षी, ती आटोपून पेने निवल्यावर पॉलिश, असा क्रम ठेवावा. पॉलिशचे डबे आणि भिजलेल्या चिंध्या शेडबाहेर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. यात्रेच्या किंवा दिवाळीच्या हंगामात मागणी वाढली की हाच नियम सर्वांत आधी मोडतो.

कोणते लाकूड जाळू नये?

साधे, कोरडे, रंग न दिलेले लाकूड या कामास योग्य. प्लायवूड आणि एमडीएफ यांत कृत्रिम राळेचा गोंद असतो; त्यावर पेन चालविले की तो गोंदही जळतो. सनमायका, जुना रंग, वॉर्निश यांवर पेन लावूच नये. पॅकिंगच्या पेट्यांतील चीड लाकूड स्वस्त मिळते. त्यात डिंकाच्या गाठी असतात आणि आच लागताच त्या तडतडून उडतात. तेथे डोळ्यांवर चष्मा हवाच.

औषध पाजलेल्या लाकडाची गोष्ट वेगळी आहे. वाळवीपासून लाकूड टिकविण्यासाठी आर्सेनिक आणि तांबे यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत डॉ. सोंटी कामेशन यांनी १९३३ च्या सुमारास देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत विकसित केली. ‘अस्कू’ या नावाने ती जगभर गेली. ही भारतीय संशोधनाची मोठी कामगिरी खरी. पण असे लाकूड जाळले की आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. हिरवट झाक असलेले जुने खांब आणि क्रिओसोटचा काळा वास येणारे रेल्वेचे जुने स्लीपर नक्षीसाठी घेऊ नयेत. पॉलिश केल्यावर ते कितीही सुंदर दिसत असले तरीही.

रानातून आणलेल्या लाकडात बिबव्याचे लाकूड मिसळलेले नाही ना, हे पाहावे. बिबा उतला की अंगावर कसे फोड येतात, हे या भागात सांगावयास नको. त्याचा दाहक अंश धुरातूनही डोळ्यांस आणि कातडीस बाधतो. कण्हेरही वर्ज्य समजावी. सागाच्या व शिसमाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. अशा व्यक्तीला दुसरे लाकूड द्यावे.

बांबूची पाठ गुळगुळीत आणि कठीण असते. तिच्यावर टोक घसरते आणि घसरलेले टोक दुसऱ्या हाताच्या बोटांवर जाते. म्हणून नक्षीची जागा पॉलिश पेपरने आधी हलकी घासावी आणि वेळू हाताने न धरता पाचरीत बसवावा. ओल्या वेळूचे बंद पेर तापविणे टाळावे. आतील वाफेने ते फुटते. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांच्या द्रावणात बांबू बुडवावयाचा असल्यास आधी नक्षी काढावी आणि मग औषध द्यावे.

तपासणीला कोण येणार?

१९४८ च्या कारखाने अधिनियमात धूर-धूळ बाहेर काढणे, आगीपासून बचाव आणि प्रथमोपचाराची पेटी यांविषयी कलमे होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. या संहितेप्रमाणे वीज वापरणारी जागा कारखाना ठरते ती २० किंवा अधिक कामगार असल्यास. दहा-बारा जणींच्या गटाची शेड या व्याख्येत बसत नाही. तेथे कोणी निरीक्षक येण्याचा संभव कमीच. म्हणून ते काम गटालाच करावे लागते. त्यासाठी समिती नको, पाळी पुरेशी आहे. ज्याची पाळी, त्याने काम संपल्यावर प्लग मोजावेत, भुसा झाडून शेडबाहेर न्यावा, मुख्य स्विच पाडावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा शेडमध्ये येऊन वास घ्यावा. हा अर्धा तास अनेकांना जाचक वाटेल. परंतु भुशात पडलेला ठिणगीएवढा निखारा ज्योत न दाखविता तासन्तास धुमसू शकतो. सर्वांनी मिळून घेतलेला माल आणि अवजारे त्याच शेडमध्ये असतात. वहीत वेळ लिहून सही केली की पाळी टाळली जात नाही.

आग विझविण्यासाठी वाळूच्या बादल्या ठेवाव्यात. विजेच्या आगीवर पाणी टाकणे घातक आहेच. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे टंचाईच्या दिवसांत बादलीत पाणी शिल्लक राहील याचीही शाश्वती नाही. वाळू आटत नाही. तिच्या जोडीला एबीसी पावडरचे एक नळकांडे दाराजवळ टांगावे; ते नक्षीच्या टेबलामागे असल्यास आगीतून जाऊन आणावे लागेल.

एवढे असूनही भाजलेच, तर पहिली वीस मिनिटे महत्त्वाची असतात. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. नळाला पाणी नसेल, तर स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवावा आणि पाणी कोमट झाले की बदलावे. त्यासाठी एक झाकलेली कळशी राखून ठेवावी. बर्फ लावू नये. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. त्याने आच आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. बांगड्या, अंगठी सूज येण्यापूर्वी काढावी, फोड फोडू नये आणि स्वच्छ, न चिकटणारे कापड सैल झाकावे. पेनाच्या टोकाची जखम आकाराने लहान पण खोल असते. कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, दुखणेच जाणवत नसेल, अथवा जखम डोळ्याजवळ वा बोटाच्या सांध्यावर असेल, तर घरी उपचार करू नयेत. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात जाता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. विजेचा धक्काही बसला असेल, तर जखम किरकोळ दिसली तरी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आणि ते पेन वायरमनने तपासून परत देईपर्यंत, प्लगला चिठ्ठी बांधून, कपाटात कुलपात ठेवावे.